जाताना सगळेच बघतात, येताना कोण बघतो?

२५ जून २०२५, बुधवार. आपल्याकडे दुपारचे १२ वाजून १ मिनिट झालं होतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मात्र तेव्हा उत्तररात्र होती. त्या अंधारात ‘फाल्कन ९’ नावाचा सत्तर मीटर उंचीचा अग्निबाण पेटला आणि आपले शुभांशु शुक्ला तीन सहकाऱ्यांसह अंतराळ स्थानकाकडे निघाले. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले होते. त्यानंतर तब्बल ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरणार होता. टीव्हीसमोर टाळ्यांचा नुसता कडकडाट!

अग्निबाण ठिपक्याएवढा झाला, की बहुतेक लोक उठतात. ‘गेला बाबा एकदाचा!’ म्हणतात आणि जेवायला बसतात. पण ज्यांना अग्निबाणांचा नाद आहे, ती मंडळी जागची हलत नाहीत. कारण खरी गंमत पुढच्या आठ मिनिटांत असते. त्या दिवशी शुक्लांना वर ढकलून देणारा अग्निबाणाचा खालचा भाग, म्हणजे बूस्टर, हवेतच मागे वळला आणि उड्डाणतळाजवळच्याच एका फरशीवर आपल्या चार पायांवर अलगद उभा राहिला. त्या बूस्टरची ती दुसरी फेरी होती. एकदा जाऊन आलेला गडी पुन्हा जाऊन आला!

रत्नागिरीच्या मुलांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. मिरकरवाडा बंदरातून होडी बाहेर पडली म्हणजे काम झालं असं कुणी म्हणतं का? होडी परत धक्क्याला लागली, माणसं सुखरूप उतरली, की मग घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. अग्निबाणांच्या जगाला हे शहाणपण अंगी बाणवायला मात्र फार वर्षं लागली.

भाट्याच्या किनाऱ्यावरून दिसेल का?

आता तुम्ही विचाराल, श्रीहरिकोट्याचा अग्निबाण आपल्या भाट्याच्या किनाऱ्यावरून दिसेल का हो? नाही दिसणार. रत्नागिरी ते श्रीहरिकोटा हे अंतर सरळ रेषेत सुमारे सव्वाआठशे किलोमीटर आहे. मध्ये सह्याद्री आडवा, शिवाय पृथ्वीची गोलाई. त्यात अग्निबाण निघतो तोही बंगालच्या उपसागरावर, म्हणजे आपल्यापासून आणखी लांब.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर श्रीहरिकोट्याला जायला हवं. तिथे ‘इस्रो’ने २०१९ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी प्रेक्षागॅलरी सुरू केली. आधी नाव नोंदवावं लागतं. तिथे बसणाऱ्याला एक मौज अनुभवता येते. अग्निबाण आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो! प्रकाश क्षणात पोचतो, पण आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण ३ सेकंद लागतात. ज्वाळा दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यांना तीनने भागा. अग्निबाण किती किलोमीटरवर आहे, ते तुम्हाला बसल्या जागी कळेल. विजेच्या बाबतीतही हाच हिशेब चालतो. आपल्याकडे मृगाच्या पावसात करून बघा.

पण प्रत्येकाला कुठे जमणार एवढ्या लांब जायला? रत्नागिरी जिल्हा परिषदेने अलीकडच्या वर्षांत आपल्या शाळांतल्या मुलांची परीक्षा घेऊन, निवडलेल्या मुलांना ‘इस्रो’ आणि अमेरिकेची ‘नासा’ दाखवून आणली. गावातल्या शाळेतली मुलं थेट नासात! बाकीच्यांसाठी घरचा टीव्ही किंवा मोबाईल आहेच. ‘इस्रो’ आपली उड्डाणं थेट दाखवते आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. फक्त काय बघायचं ते ठाऊक हवं. क्रिकेटचे नियम माहीत नसतील तर सामना बघताना जांभया येणारच की!

थांबणं हाही खेळाचा भाग

पहिली गोष्ट बघायची ती उलटी मोजणी. ती चालू झाली म्हणजे उड्डाण होणारच असं मुळीच नाही. १५ जुलै २०१९ च्या पहाटे ‘चांद्रयान-२’ निघणार होतं. मोजणी ५६ मिनिटं २४ सेकंदांवर आली आणि थांबवली गेली. अग्निबाणात तांत्रिक दोष आढळला होता. रात्रभर जागलेल्यांचा विरस झाला खरा. पण दुरुस्ती झाली आणि एका आठवड्यात, २२ जुलैला, तोच अग्निबाण व्यवस्थित उडाला.

शुक्लांच्या उड्डाणाची तारीखही अनेकदा पुढे गेली होती. एकदा तर बूस्टरमधून द्रवरूप ऑक्सिजन गळत असल्याचं तपासणीत दिसलं. ‘होईल काहीतरी’ म्हणून कुणी पुढे रेटलं नाही. आधी गळती दुरुस्त केली. वादळाची लाल बावटी लागली की बंदरात थांबणारा तांडेल भित्रा नसतो. तो जाणता असतो.

हजारात साडेपाच

आता एक हिशेब करू. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी ‘जीएसएलव्ही-एफ१४’ हा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. निघताना त्याचं वजन होतं सुमारे ४२० टन. आणि त्याने वर नेलेल्या ‘इन्सॅट-३डीएस’ या उपग्रहाचं वजन? फक्त २,२७४ किलो! म्हणजे अग्निबाणाच्या दर हजार किलोंमागे उपग्रह साडेपाच किलोसुद्धा भरत नाही. बाकी सगळं इंधन, टाक्या आणि इंजिनं. हा सगळा पसारा वाटेत टप्प्याटप्प्याने गळून पडतो.

कल्पना करा, रत्नागिरीहून कोल्हापूरला एसटी निघाली. साखरप्याला मागची चाकं टाकली, आंबा घाटात इंजिन टाकलं, मलकापूरला टप टाकला आणि कोल्हापूरला पोचली ती फक्त प्रवाशांची बाकडी. दुसऱ्या दिवशी दुसरी कोरी गाडी! तिकीट किती पडेल? अंतराळप्रवास इतका महाग का, ते आता आलं ना ध्यानात?

मग मुळात एवढा खटाटोप का करायचा? त्याचं उत्तर आपल्याच दारात आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणावर आदळलं. दापोली, मंडणगडच्या बागा भुईसपाट झाल्या, घरांची कौलं उडाली. पण वादळ येणार हे आधी कळलं होतं, म्हणून होड्या बंदरात होत्या आणि किनाऱ्यावरच्या अनेकांना सुरक्षित जागी हलवता आलं. अशा वादळांवर आकाशातून डोळा ठेवणारे उपग्रह म्हणजे ‘इन्सॅट-३डी’च्या कुटुंबातले. त्यांतलाच एक नवा भाऊ २०२४ मध्ये वर गेला. समुद्राचा रंग आणि तापमान टिपणाऱ्या उपग्रहांच्या माहितीवरून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, हेही मच्छीमारांना कळवलं जातं. त्यासाठी उपयोगी पडणारा ‘ओशनसॅट’ मालिकेतला उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘पीएसएलव्ही’ने वर नेला.

म्हणून उड्डाण बघताना नुसता धूर बघू नका. डोक्यावर काय नेलंय ते विचारा. १२ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे पृथ्वीचं निरीक्षण करणारा ‘ईओएस-०३’ उपग्रह असाच निघाला होता. पहिले दोन टप्पे झकास चालले, पण वरचा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. उपग्रह गमावला. उड्डाणकक्षातल्या पडद्यावर एक ठरलेली वाट आखलेली असते आणि तिच्यावरून अग्निबाणाची खरी वाट पुढे सरकत असते. ती रेघ ढळली, की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

गळून पडलेलं जातं कुठे?

श्रीहरिकोट्याहून उडालेल्या अग्निबाणाचे खालचे टप्पे समुद्रात पडतात. म्हणून उड्डाणाआधी त्या भागात जाऊ नका, अशी सूचना जहाजांना आणि मच्छीमारांना दिली जाते. पण वरचे टप्पे कधी कधी महिनोन्‌महिने पृथ्वीभोवती घिरट्या घालतात आणि मग कुठेही खाली येतात.

आपल्या महाराष्ट्राने हे बघितलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ आणि खानदेशातल्या लोकांना आकाशातून जळत जाणारे तेजस्वी गोळे दिसले. कुणाला उल्का वाटल्या, कुणाला विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ या अग्निबाणाच्या जुन्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण वर गेलेली वस्तू ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खाली आणणं का महत्त्वाचं आहे, हे त्या कडीने न बोलता सांगितलं.

बूस्टर उतरतो कसा?

आता त्या आठ मिनिटांकडे वळू. ‘फाल्कन ९’ उडताना घड्याळ समोर ठेवा.

पहिली सुमारे अडीच मिनिटं बूस्टरची नऊ इंजिनं एकदम चालतात. मग ती बंद होतात आणि बूस्टर सुटा होतो. वरचा टप्पा यानाला घेऊन पुढे जातो. इकडे बूस्टर अंगातून वायूचे छोटे झोत सोडत कोलांटी मारतो. जमिनीवर परतायचं असेल तर काही इंजिनं पुन्हा पेटवून तो उलट दिशेने येतो. त्याच्या वरच्या टोकाला खिडकीच्या जाळीसारखे चार पंख असतात. ते उघडतात आणि हवेत सुकाणूचं काम करतात. दाट हवेत शिरताना अंग फार तापू नये म्हणून इंजिनं थोडा वेळ पेटवून वेग कमी केला जातो. शेवटी पुन्हा एकदा इंजिन पेटतं, पाय उघडतात आणि... टेकला!

वाचायला सोपं आहे. पण खरी कसोटी शेवटच्या क्षणी असते. इंधन संपत आल्यामुळे बूस्टर तोवर फार हलका झालेला असतो. इतका हलका, की एकच इंजिन कमीत कमी जोरावर चालवलं, तरी ते त्याला पुन्हा वर ढकलू लागेल! म्हणजे हेलिकॉप्टरसारखं अधांतरी थांबून ‘हं, आता सावकाश उतरू’ असं म्हणायची सोय नाही. उंची शून्य होईल त्याच क्षणी वेगही शून्य व्हायला हवा. इंजिन अंमळ आधी पेटलं, तर बूस्टर जमिनीच्या वरच थांबून परत उचलला जाईल. उशिरा पेटलं, तर आदळेल.

आणि या सगळ्यात तो सरळ उभा राहायला हवा. त्यासाठी एक प्रयोग करा. एक लांब काठी तळहातावर उभी धरा. काठी डावीकडे कलली, की हात पटकन डावीकडे न्यावा लागतो. बूस्टरचं इंजिनही असंच खालून किंचित वळत राहतं आणि चाळीस मीटर उंचीच्या त्या धुडाला तोलून धरतं. फक्त तिथे हात नसतो, संगणक असतो. काठी एक मिनिट तोलून दाखवा बघू!

आपटी खाऊन शिकलेले

हे पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नका. १० जानेवारी २०१५ रोजी ‘स्पेसएक्स’ कंपनीचा बूस्टर समुद्रातल्या तरंगत्या फलाटापर्यंत अचूक पोचला. पण जाळीदार पंख हलवणारं तेल ऐनवेळी संपलं आणि तो फलाटावर आदळला. एप्रिलमध्ये दुसरा बूस्टर टेकला आणि कलंडला. अखेर २१ डिसेंबर २०१५ रोजी फ्लोरिडात एक बूस्टर जमिनीवर उभा राहिला. ८ एप्रिल २०१६ ला समुद्रातल्या फलाटावरही जमलं. ३० मार्च २०१७ रोजी एकदा वापरलेला बूस्टर दुसऱ्यांदा उपग्रह घेऊन उडाला. आता तर एकेका बूस्टरने ३० हून अधिक फेऱ्या केल्या आहेत. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी याच कंपनीने ‘स्टारशिप’चा ३३ इंजिनांचा अवाढव्य बूस्टर उड्डाणतळाच्या मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांत हवेतल्या हवेत झेलला. १३ नोव्हेंबर २०२५ ला ‘ब्लू ओरिजिन’ या दुसऱ्या कंपनीचाही मोठा बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरला.

यात फुकट काहीच मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. परतीसाठी इंधन राखून ठेवायचं म्हणजे वर तेवढा भार कमी न्यायचा. आणि ‘फाल्कन ९’चा वरचा टप्पा अजून परत येत नाही. सगळी एसटी नाही, पण तिचा सर्वांत महागडा भाग तरी आगारात परत येतो.

मग आपण कुठे आहोत?

‘आपले अग्निबाण का परत येत नाहीत?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं एक कारण आपल्या इतिहासात आहे. १८ जुलै १९८० रोजी भारताने ‘एसएलव्ही-३’ या स्वतःच्या अग्निबाणाने पहिल्यांदा उपग्रह वर सोडला. त्याचे चारही टप्पे घन इंधनावर चालणारे होते. हे घन इंधन देशातच तयार व्हावं म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर आघाडीवर होते. पुढे १९८८ मध्ये पावसाचा अंदाज सांगणारं १६ घटकांचं मॉडेल तयार झालं, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. अग्निबाण आणि मोसमी पाऊस, दोन्हींचा हिशेब मांडणारा हा माणूस!

घन इंधन भरवशाचं असतं, पण दिवाळीतल्या बाणासारखं. एकदा पेटवलं की विझवता येत नाही. मध्येच बंद करून पुन्हा पेटवणं, जोर कमी-जास्त करणं जमत नाही. ‘पीएसएलव्ही’चा पहिला टप्पाही घन इंधनाचाच. मग तो पायांवर उतरणार कसा? त्यासाठी द्रव इंधनाची, पुन्हा पुन्हा पेटणारी इंजिनं हवीत.

त्या दिशेने आपली पावलं पडली आहेत. ‘इस्रो’ने ‘पुष्पक’ नावाचं साडेसहा मीटर लांबीचं पंखांचं छोटं यान तयार केलं. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरने ते साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडून दिलं. यान स्वतःच वाट काढत आलं आणि धावपट्टीवर उतरलं. एकदा नाही, तीनदा! २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४. तिसऱ्या वेळी तर मुद्दाम ते धावपट्टीपासून बाजूला सोडलं होतं आणि वाराही आडवा होता. टेकताना त्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरहून जास्त होता. प्रवासी विमान साधारण २६० च्या वेगाने टेकतं. शिवाय १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने नव्या पिढीच्या अग्निबाणाला मंजुरी दिली. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल, अशी योजना आहे. आज शाळेत असलेल्या मुलांपैकी कुणाला तरी त्याचं गणित मांडावं लागणार आहे.

चला, वही काढा

नाद लागायला दुर्बीण लागत नाही. शंभर पानी वही पुरे. प्रत्येक उड्डाणाला एक पान द्या आणि सहा ओळी लिहा. अग्निबाण कोणता? वर काय नेलं? ते कुणाच्या कामाचं? मोजणी थांबली का, आणि का? ठरल्याप्रमाणे घडलं का? आणि शेवटचा प्रश्न : खालचा टप्पा कुठे गेला? फसलेल्या उड्डाणाचं पान फाडू नका. सर्वांत जास्त शिकवणारं पान तेच असतं.

आकाशातही काही बघता येईल. शुक्ला ज्या अंतराळ स्थानकात राहिले, ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी मारतं. ते रत्नागिरीवरूनही जातं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, न लुकलुकणारा ठळक तारा पश्चिमेकडून पूर्वेकडे शांतपणे सरकताना दिसला, की समजा तेच. चार-पाच मिनिटांत दिसेनासं होतं. पावसाळ्यात ढग असतात, पण दिवाळीनंतर आपलं आकाश स्वच्छ असतं. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोफत सेवेवर वेळ बघून ठेवा. आईबाबांनो, अशा वेळी पाच मिनिटं अंगणातला दिवा मालवा आणि तुम्हीही बाहेर या. त्या ताऱ्यात माणसं बसली आहेत, हे मुलांच्या शेजारी उभं राहून बघण्यासारखं आहे.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी अग्निबाण ठिपक्याएवढा झाला, घरातली मंडळी उठायला लागली, की त्यांना हळूच सांगा, ‘थांबा हो, अजून एकजण परत यायचाय!’